लांडग्यांच्या रांगेत नेता कुठे असतो?

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक फोटो अधूनमधून फिरून येतो. बर्फातून एकामागून एक चाललेले लांडगे आणि खाली मजकूर: पुढे म्हातारे आणि आजारी, मध्ये धट्टेकट्टे, सगळ्यांत मागे कळपावर नजर ठेवणारा म्होरक्या. खरा नेता असा असतो! फोटो अस्सल आहे. कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात बीबीसीच्या एका निसर्गमालिकेसाठी चित्रीकरण चालू असताना तो घेतला गेला. मजकूर मात्र नंतर कुणीतरी रचून चिकटवला. लांडगे रांगेने चालतात, कारण पुढचं जनावर खोल बर्फात वाट पाडतं आणि मागच्यांचे श्रम वाचतात.

तरीही हा मजकूर आपल्याला पटकन पटतो, कारण पशुपक्ष्यांकडून राज्य करायला शिकणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की भुंगा जसा झाडाला न दुखवता मध घेतो, तसा राजाने कर घ्यावा. वाघीण पिल्लाला दातांत धरून नेते, पण दात रुतू देत नाही, तसं प्रजेला वागवावं. पंचतंत्रात विष्णुशर्म्याने राजपुत्रांना शहाणं केलं तेही सिंह, बैल, कोल्हे आणि कावळ्यांच्या गोष्टी सांगून. मला सर्वांत जवळची वाटते ती भागवताच्या अकराव्या स्कंधातली अवधूताची कथा. संत एकनाथांनी त्या स्कंधावरची टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली आणि ही कथा मराठी घरांत पोचली. यदू राजा अवधूताला त्याच्या आनंदाचं कारण विचारतो आणि अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, वारा आहे, मधमाशी, अजगर आणि कोळी आहे. इथे राजा शिष्याच्या जागी बसला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

बडोद्याच्या दरबाराने जनावरांकडे वेगळ्या नजरेनेही पाहिलं. खंडेराव महाराजांच्या काळात (१८५६ ते १८७०) हत्तींच्या झुंजी आणि साठमारी, म्हणजे रिंगणात माणसांनी हत्तीला डिवचणं, हे इथले मोठे खेळ होते. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात इथे आला आणि त्याने त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. भोवती भक्कम भिंती, त्यांत ठिकठिकाणी माणूस निसटेल पण हत्ती शिरणार नाही एवढ्याच अरुंद वाटा आणि मध्ये माजावर आलेला हत्ती. बघणाऱ्यांना त्यात पराक्रम दिसत असे. पुढे कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये सयाजीराव म्हणून गादीवर आला. दिवाण टी. माधवरावांनी त्याला राज्यकारभारावर व्याख्यानं दिली, ती १८८१ मध्ये छापलीही गेली. दरम्यान १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी प्राणिसंग्रहालय असलेली कमाटीबाग उभी राहिली.

साठमारी बंद झाली, पण रिंगणातल्या जनावराकडे पाहून निष्कर्ष काढायची सवय विज्ञानातही होती. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या सुमारास पाळीव कोंबड्यांमधली उतरंड मांडली: कोण कुणाला चोच मारते आणि कोण गुमान सोसते. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ मध्ये त्यांच्यातल्या वर्चस्वाच्या लढायांवर लिहिलं. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा' लांडगा, म्हणजे लढून वर चढलेला म्होरक्या, जगभर पोचला आणि तिथून मॅनेजमेंटच्या वर्गांत शिरला. पण पुढे मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, मोकळ्या लांडग्यांचा एक कळप कित्येक उन्हाळे पाहिला. १९९९ मध्ये त्यांनी स्वच्छ लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे मारामारी करून कुणी पुढारी होत नाही. स्वतःचं जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनंती त्यांनी प्रकाशकाला केली. कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी जनावरांचं वागणं आपण निसर्गाचा नियम म्हणून शिकवत राहिलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यातून कितीतरी साहेबांना दरडावायचा परवाना मिळाला.

मोकळ्यावर पाहिलं की चित्र पालटतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या म्युनिकमध्ये मधमाश्यांचे अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांना फांदीवर लटकलेल्या मधमाश्यांच्या थव्यावर काही माश्या नाचताना दिसल्या. त्यांच्या अंगावर परागकण नव्हते. काजळी होती, विटांची धूळ होती. पडक्या घरांत आणि धुराड्यांत नवी जागा शोधून त्या परतल्या होत्या. प्रत्येक जण आपण पाहिलेली जागा नाचून सांगते, इतर माश्या ती स्वतः जाऊन तपासतात आणि एखाद्या जागेवर पुरेशा माश्या जमल्या की थवा उडतो. टॉमस सीली यांनी पुढे हे बारकाईने तपासलं. या निर्णयात राणीमाशीला काहीच मत नसतं.

हत्तींचं आणखी वेगळं. टांझानियातल्या तरांगिरे उद्यानात १९९३ मध्ये मोठा दुष्काळ पडला. काही कळप उद्यान सोडून गेले आणि त्यांची पिल्लं तुलनेने जास्त वाचली. त्यांच्या पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या हत्तिणी १९५८ ते १९६१ चा दुष्काळ पाहण्याइतक्या वयाच्या होत्या. तेव्हा पाणी कुठे होतं ते त्यांना आठवत असावं, असं अभ्यासक मानतात. जे हत्ती जागीच राहिले, त्यांच्यात एवढी वयस्कर हत्तीण उरलीच नव्हती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हस्तिदंतासाठी चोरट्या शिकाऱ्यांनी त्या मारून टाकल्या होत्या.