कुलाब्याहून कुलाब्याला: एका चुंबकीय वादळाच्या नोंदीची पार्श्वभूमी

सौरवादळाची बातमी आली की तिच्या शेपटाला '१८५९' हा आकडा बांधलेला असतोच. मे २०२४ मध्येही तेच झालं. १० आणि ११ मेच्या दरम्यानच्या रात्री लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लालसर उजेड टिपला, युरोप-अमेरिकेतल्या नातेवाइकांनी गुलाबी-हिरव्या आकाशाचे फोटो धाडले, आणि जवळपास प्रत्येक बातमी एकाच ओळीवर संपली: १८५९ च्या कॅरिंग्टन वादळापुढे हे काहीच नाही.

काहीच नाही, हे ठरवलं कशावरून? तेव्हा ना उपग्रह होते, ना संगणक. तरी त्या वादळाचा जोर आकड्यात सांगता येतो, याचं मोठं श्रेय मुंबईतल्या एका वहीला जातं. पावसाळ्यात रोज 'कुलाब्यात इतके मिलिमीटर, सांताक्रूझला इतके' असं आपण ऐकतो, त्याच कुलाबा वेधशाळेची, चुंबकसुईच्या नोंदींची ही वही.

वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली. ती पावसासाठी नव्हती आणि चुंबकासाठीही नव्हती. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी असे आणि वेळ ताऱ्यांवरून काढावी लागे, म्हणून ती. चुंबकीय मोजमाप आलं ते १८४१ मध्ये. जर्मनीत गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणच्या निरीक्षकांना एकाच ठरलेल्या वेळी चुंबकसुईच्या नोंदी घ्यायला लावलं होतं, आणि दूरदूरच्या शहरांतल्या सुया एकाच क्षणी थरथरतात हे त्यातून दिसलं होतं. मग ब्रिटनमध्ये एडवर्ड सॅबिन यांनी साम्राज्यभर अशा वेधशाळांचं जाळं विणायचा घाट घातला. हेतू शुद्ध ज्ञानाचा होता असं म्हणायचं तर म्हणा. पण जहाजाचं होकायंत्र किती चुकतं, हा त्यामागचा रोकडा प्रश्न होता. सिंगापूर, शिमला इथल्या वेधशाळा काही वर्षांतच गुंडाळल्या गेल्या. मुंबईची टिकली.

इथे पहिली नोंद लावली आर्थर ऑर्लेबार यांनी. ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवत. बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ वेधशाळेचं काम सांभाळलं. आणि ऑर्लेबारांच्या हाताखाली एक पंधरा वर्षांचा मुलगा लागला होता, केरो लक्ष्मण छत्रे. म्हणजे पुढे डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना. त्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. हे नागाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्या शेजारी यायचं आहे.

मोजमापाची रीत डोळ्यांपुढे आणायला अवघड नाही. खोलीत एक चुंबकाची कांडी दोऱ्याला टांगलेली. तिच्यावर नखाएवढा आरसा. काही फुटांवर दुर्बीण आणि आडवी मोजपट्टी. चुंबक केसभर वळला की आरशातलं पट्टीचं प्रतिबिंब सरकतं, आणि दुर्बिणीतल्या उभ्या तारेवर कुठला आकडा आला ते वहीत उतरवायचं. हातभर चुंबकाची न दिसणारी हालचाल अशी पट्टीवर ढळढळीत दिसते. खिशातला चाकू, किल्ल्यांचा जुडगा, सगळं बाहेर ठेवून आत जायचं. एरवी तासातून एक नोंद. सुई बेचैन झाली की दर पंधरा मिनिटांनी, फारच उसळली तर दर पाच मिनिटांनी. काम कमालीचं कंटाळवाणं. वर्षानुवर्षं बहुतेक दिवशी कालच्यासारखेच आकडे.

१ सप्टेंबर १८५९, गुरुवार. इंग्लंडमध्ये रेडहिल इथल्या खासगी वेधशाळेत रिचर्ड कॅरिंग्टन पडद्यावर पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमेवरून डागांचं चित्र काढत होते. (त्यांचाही जन्म १८२६ चा, कुलाबा वेधशाळेच्या बरोबरीचा.) अकरा वाजून गेले असताना डागांच्या एका मोठ्या समूहावर दोन लख्ख पांढरे ठिपके उमटले. साक्षीला कुणीतरी असावं म्हणून ते धावले आणि मिनिटभरात परतले, तोवर झगझगाट ओसरायला लागला होता. सगळा खेळ पाच मिनिटांचा. नशिबाने रिचर्ड हॉजसन यांनीही दुसरीकडून तोच पाहिला होता. त्यानंतर साडेसतरा तासांनी पृथ्वीवरच्या चुंबकसुया उसळल्या. सूर्यावरून निघालेला भारित कणांचा लोंढा इथवर यायला एरवी दोन ते चार दिवस घेतो. हा एका दिवसाच्या आत आला. तारायंत्रं बिघडली. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि तारेत आपसूक आलेल्या प्रवाहावर निरोप पाठवले. ध्रुवीय प्रकाश थेट क्युबापर्यंत दिसला.

मुंबईत काही दिसलं नाही, कारण इथे सकाळ होती. शुक्रवारची सकाळ, कामाची वेळ. कुलाब्याच्या खोलीत मात्र आकडे कोसळत होते. पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर भाग मुंबईला साधारण ३७-३८ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतो आणि रोज तो जेमतेम काही दहांच्या घरात वरखाली होतो. त्या सकाळी तो सुमारे १,६०० ने घसरला आणि तासा-दोन तासांत बराचसा सावरलाही. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाने ही घसरण आकड्यामागून आकडा लिहून ठेवली.

मला यातली सर्वांत गमतीची गोष्ट ही वाटते, की लंडनजवळ क्यू इथे तेव्हा अधिक आधुनिक यंत्रणा होती. आरशावरचा प्रकाशकिरण फिरत्या फोटो-कागदावर पडून आपोआप रेघ उमटवायचा. वादळ आलं आणि रेघ कागदाच्या कडेबाहेर गेली. बाहेर गेली म्हणजे गेली. मुंबईला कागद नव्हता, माणूस होता.

मुंबईच्या नोंदीला आणखी एका कारणाने मोल आहे. वादळात भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात आणि तिच्याभोवती घिरट्या घालतात. धन कण पश्चिमेकडे, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. त्यातून पृथ्वीला वेढणारं विजेचं एक कडं तयार होतं आणि ते जमिनीवरचं क्षेत्र कमी करतं. वादळाचा खरा जोर या कड्यावरून कळतो. उत्तरेकडच्या ठिकाणी ध्रुवीय प्रकाशासोबतचे प्रवाह इतका गोंगाट करतात की कड्याचा आवाज त्यात बुडतो. अगदी दक्षिणेला, तिरुनेलवेलीच्या बाजूला, चुंबकीय विषुववृत्तावरचा वेगळाच प्रवाह आड येतो. मुंबई या दोन्हींपासून अंतर राखून आहे. जागा निवडताना हे कुणाच्या मनातही नव्हतं.

पुढे बारा-तेरा वर्षांनी मुंबईने वादळ डोळ्यांनीही पाहिलं. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री इथे चक्क ध्रुवीय प्रकाश दिसल्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आलं आणि मुंबई-एडन समुद्री तार काही तास बिघडली. तरीही सूर्य आणि चुंबकसुई यांचं नातं सर्वमान्य व्हायला वेळ लागला. सॅबिन यांनी १८५२ मध्येच सूर्यावरच्या डागांची चढउतार आणि चुंबकीय खळबळ यांचा मेळ दाखवला होता, पण १८९२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी रॉयल सोसायटीसमोर हा संबंध खरा नाही, निव्वळ योगायोग आहे असा निर्वाळा दिला. सूर्य म्हणजे एक प्रचंड चुंबक धरून त्यांनी गणित केलं होतं आणि ते गणित बरोबरच होतं. सूर्य कण फेकतो, हे त्यात नव्हतं.

मग आली ट्राम. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरू लागलं आणि वेधशाळेच्या जिवावर बेतलं. रुळांतून जमिनीत झिरपणारा विजेचा प्रवाह चुंबकसुईला सतत गुदगुल्या करणार, मग सूर्य कुठला आणि ट्राम कुठली हे कळणार कसं? तेव्हा संचालक होते नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस, वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख. जन्म १८५९ चा, म्हणजे वादळाच्याच वर्षाचा. त्यांनी नवी जागा शोधली ती खाडीपलीकडे, सुमारे तीस किलोमीटरवर, अलिबागच्या किनाऱ्याला. केरूनानांच्या नागावाशेजारी. अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं ठाणं होतं (रायगड हे नाव १९८१ चं) आणि समोर समुद्रात कुलाबा किल्ला. वेधशाळा कुलाब्याहून निघाली ती कुलाब्यालाच पोहोचली.

अलिबागच्या इमारती १९०४ मध्ये उभ्या राहिल्या. कोकणात घर बांधायचं तर जांभा नाहीतर काळा दगड. पण जांभ्यात लोह आणि काळ्या दगडात चुंबकीय खनिज, म्हणून दोन्ही बाद. दगड आणला पोरबंदरचा. लाकूड सागाचं, खिळे-बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या. आतल्या खोलीला दुहेरी भिंती, कारण चुंबकाला उन्हाळा-हिवाळाही बाधतो.

मूस यांनी खरी हुशारी दाखवली ती पुढे. नवं घर मिळालं म्हणून जुनं लगेच सोडलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालवलं. त्यामुळे कुलाब्याचा अमुक आकडा म्हणजे अलिबागचा कुठला, हे पक्कं ठरलं आणि १८४१ पासूनची साखळी तुटली नाही. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा कुलाब्याच्या सुया थांबलेल्या होत्या. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदींचे दोन जाडजूड खंड छापून काढले. १९६४ मध्ये मुंबईतून ट्राम गेलीसुद्धा. वेधशाळा अलिबागलाच राहिली.

मधल्या काळात १८५९ ची वही कपाटात होती. कुलाबा-अलिबागच्या वेधशाळांमधून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली, आता तिचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. तिथल्या गुरबक्षसिंग लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी व वॉल्टर गोन्झालेझ या परदेशी सहकाऱ्यांसोबत कुलाब्याच्या नोंदी तपासल्या आणि २००३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी वादळाच्या तीव्रतेचा अंदाज दिला उणे १,७६० नॅनोटेस्ला (उणे म्हणजे क्षेत्र तितकं घटलं). तुलनेला, १९८९ चं वादळ उणे ५८९ होतं, मे २०२४ चं उणे चारशेच्या आसपास.

यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. आजची मोजणी चार ठिकाणांच्या तासाभराच्या सरासरीवर चालते. कुलाब्याचा आकडा एका ठिकाणचा आणि क्षणाचा. सरासरी काढून हिशेब केला की तीव्रता हजाराच्या आसपास येते, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. शिवाय मुंबईत सकाळ असल्याने कड्याखेरीज दुसऱ्या प्रवाहांचाही त्या घसरणीत हात असेल. बातम्यांत मात्र अजून १,७६० च फिरतो. मोठा आकडा चटकन विकला जातो.

हा हिशेब कुणाला हवा आहे? १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्विबेकचं वीजजाळं दीड मिनिटात कोलमडलं आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एका किरकोळ वादळाने वरची हवा फुगवली आणि नुकतेच सोडलेले चाळीसच्या आसपास स्टारलिंक उपग्रह तिच्या ओढीने खाली येऊन जळाले. वीजजाळं किंवा उपग्रह बांधणाऱ्याला विचारावंच लागतं, की जास्तीत जास्त किती? त्याच्या उत्तरासाठी अजून १८५९ चीच वही उघडावी लागते.

आता पहारा पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर गेला आहे. सूर्यावर नजर ठेवणारं इस्रोचं यान आदित्य एल-१ श्रीहरिकोट्याहून उडालं ते २ सप्टेंबर २०२३ ला. कुलाब्याची सुई कोसळली ती तारीखही २ सप्टेंबर, बरोबर १६४ वर्षं आधीची. आदित्यवर पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेने घडवलेली अतिनील दुर्बीण आहे आणि एक चुंबकमापीही. चुंबकमापी मात्र यानाच्या पोटात ठेवलेली नाही. यानाच्या स्वतःच्या विजेचा आणि धातूचा तिला त्रास होऊ नये म्हणून ती सहा मीटर लांब दांड्यावर बाहेर काढली आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो दांडा उघडला. मूस यांनी वेधशाळा ट्रामपासून जितकी लांब नेली, त्या मानाने सहा मीटर म्हणजे काहीच नाही, पण कारण तेच.