पैसे कोण खर्च करतं आणि नोकरी कोणाची जाते: इंग्लिश फुटबॉलमधल्या मॅनेजरची पार्श्वभूमी

प्रीमियर लीगचा सीझन सुरू होऊन दोन महिने झाले की एक वाक्य हमखास वाचायला मिळतं, अमक्या मॅनेजरने इतके मिलियन उडवले आणि तरी टीम दहाव्या नंबरवर, काढा त्याला. मला हे दरवेळी खटकतं, कारण आजच्या घडीला बहुतेक क्लबांत ते पैसे मॅनेजरने खर्च केलेलेच नसतात. खेळाडू कोणता घ्यायचा, किती वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं, कोणाला विकायचं हे ठरवणारी माणसं वेगळी आणि रिझल्ट बिघडला की घरी जाणारा माणूस वेगळा. हे असं का झालं ते कळायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

अगदी सुरुवातीला तर मॅनेजरला काही किंमतच नव्हती. टीम निवडायचे डायरेक्टर लोक, म्हणजे गावातले कारखानदार, व्यापारी वगैरे, आणि सेक्रेटरी पत्रव्यवहार, तिकिटं, पगार बघायचा. खेळाडूंची खरेदी हाही डायरेक्टरांचाच मामला. १९०५ मध्ये मिडल्सब्रोने आल्फ कॉमनला संडरलँडकडून १,००० पौंडांना घेतलं, चार आकडी किंमत मोजलेला तो पहिला खेळाडू, आणि तेव्हाही लोक म्हणाले की आता फुटबॉलचं काही खरं नाही, माणसं गुरांसारखी विकायला लागले. मिडल्सब्रो खालच्या डिव्हिजनला जाण्याच्या भीतीत होतं, कॉमन आला, टीम वाचली. घाबरलेल्या क्लबने घाईघाईत पैसा ओतायचा ही पद्धत म्हणजे तेव्हापासूनची.

चित्र बदललं ते हर्बर्ट चॅपमनमुळे. १९२५ मध्ये आर्सेनलचे चेअरमन सर हेन्री नॉरिस यांनी मॅनेजर हवा अशी जाहिरात दिली आणि तिच्यात स्पष्ट लिहिलं की भरमसाट ट्रान्सफर फी मोजूनच ज्याला टीम उभी करता येते अशा माणसाने अर्ज करू नये. आला कोण, तर हडर्सफील्डला लागोपाठ दोनदा लीग जिंकून देणारा चॅपमन, आणि त्याने आल्याआल्या खरेदीच सुरू केली. संडरलँडचा चार्ली बकन हवा होता, त्याचे ४,००० पौंड मागत होते, नॉरिसला ते जड जात होतं, मग ठरलं की २,००० आत्ता आणि पहिल्या सीझनमध्ये तो मारेल त्या प्रत्येक गोलमागे १००. बकनने २१ गोल मारले, म्हणजे नॉरिसना शेवटी मूळ मागणीपेक्षा १०० पौंड जास्तच पडले!

तीन वर्षांनी बोल्टनचा डेव्हिड जॅक. बोल्टन १३,००० वर अडून बसलं होतं. त्या वाटाघाटीचा किस्सा चॅपमनचा सहायक बॉब वॉल याने पुढे सांगितला. हॉटेलात बोल्टनची माणसं यायच्या आधी चॅपमनने वेटरला गाठून सांगितलं की पाहुण्यांच्या ग्लासात दुप्पट दारू घाल, आणि माझ्या जिन-टॉनिकमध्ये जिन घालू नकोस. सौदा झाला १०,८९० पौंडांना, जगातली पहिली पाच आकडी ट्रान्सफर. आर्सेनलने १९३० ला एफए कप आणि १९३१ ला लीग जिंकली. मॅनेजरने माणूस निवडायचा, त्यानेच जाऊन भाव करायचा, त्यानेच खेळवायचा आणि फसला तर जबाबही त्यानेच द्यायचा, हा सगळा साचा चॅपमनने पाडला, आणि पुढची साठ-सत्तर वर्षं इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर असाच सर्वेसर्वा माणूस यायचा.

मधल्या काळात खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला २० पौंडांची मर्यादा १९६१ ला उठली, १९६३ च्या जॉर्ज ईस्टहॅम खटल्याने खेळाडूला बांधून ठेवायची जुनी पद्धत ढिली केली, त्यामुळे बाजार गरम झाला, पण खरेदीची सूत्रं मॅनेजरच्याच हातात राहिली. ब्रायन क्लफ हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण, त्याचा सहायक पीटर टेलर खेळाडू हेरायचा आणि क्लफ त्यांच्याकडून खेळ काढून घ्यायचा. फेब्रुवारी १९७९ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमकडून ट्रेव्हर फ्रान्सिसला नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये आणलं, मिलियन पौंडांचा पहिला ब्रिटिश खेळाडू, आणि त्याच मे महिन्यात म्युनिकमध्ये माल्मोविरुद्धच्या युरोपियन कप फायनलचा एकमेव गोल त्यानेच मारला. दोन वर्षांनी याच क्लफने मिलियन पौंड देऊन जस्टिन फॅशानू घेतला तो साफ फसला. पण क्लफ तिथेच होता, १९९३ पर्यंत होता, फसलेल्या खरेदीचं ओझं त्यानेच वाहिलं. मला वाटतं सगळा मुद्दा इथे आहे.

ॲलेक्स फर्ग्युसनचंही तेच. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडला आला, पहिली लीग मिळायला १९९३ उजाडलं. २००१ ला २८ मिलियनला वेरॉन घेतला, तो इंग्लंडमध्ये रुळला नाही, दोन वर्षांत अर्ध्या किमतीत चेल्सीला गेला, आणि त्याच २००३ च्या उन्हाळ्यात फर्ग्युसनने पोर्तुगालमधून रोनाल्डो आणला. चुकायला आणि चूक निस्तरायला दोन्हीला त्याच्याकडे वेळ होता.

मग ही सत्ता गेली कशी? एक कारण मॅनेजर लोकांनी स्वतःच दिलं. आर्सेनलला १९८९ आणि १९९१ ला लीग जिंकून देणारा जॉर्ज ग्रॅहम, फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याला काढलं कारण नॉर्वेचा एजंट रूने हाउगे याच्याकडून त्याने सुमारे सव्वाचार लाख पौंड घेतल्याचं उघड झालं. जॉन येन्सन आणि पॉल लिडर्सन या दोघांच्या ट्रान्सफरशी जोडलेले पैसे. ग्रॅहमवर वर्षभराची बंदी आली. एकाच माणसाने खेळाडू निवडायचा आणि भावही त्यानेच करायचा यात धोका आहे हे त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरं कारण अर्थात पैसा. १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा टीव्हीचा पाच वर्षांचा करार ३०४ मिलियन पौंडांचा होता, २०१६ ते २०१९ या तीन वर्षांसाठी तोच आकडा फक्त ब्रिटनपुरता पाच बिलियनच्या वर गेला. एवढा पैसा एका माणसाच्या नजरेवर कुठला मालक सोडेल? कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या खेळाडूला फुकटात क्लब बदलायची मोकळीक देणारा बॉस्मन निकाल १९९५ चा, त्यानंतर बाजार जगभर पसरला, स्काउट, ॲनालिस्ट, वकील लागायला लागले. २००२-०३ पासून ट्रान्सफर विंडो आली, म्हणजे वर्षभर चालणारी खरेदी दोन हंगामांत कोंबली गेली आणि शेवटच्या दिवशीची घबराट नियमित झाली.

तिसरं म्हणजे मालकच बदलले. २००३ ला रोमन अब्रामोविच चेल्सीत आला, पहिल्याच उन्हाळ्यात १०० मिलियनहून जास्त खर्च, मॅनेजर रानिएरीने टीम लीगमध्ये दुसरी आणि चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला नेली तरी मे २००४ मध्ये नारळ. त्याच्या जागी आलेल्या मोरिन्योने २००५ आणि २००६ ला लीग जिंकून दिली, पण २००६ ला स्ट्रायकर शेवचेन्को ३० मिलियनच्या आसपास मोजून आला तो मालकाच्या आवडीचा म्हणून, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या उन्हाळ्यात आव्रम ग्रँट डायरेक्टर ऑफ फुटबॉल झाला, सप्टेंबरमध्ये मोरिन्यो गेला आणि त्याच्या खुर्चीत तोच ग्रँट बसला.

एखादी तारीखच हवी असेल तर मी सप्टेंबर २००८ चा पहिला आठवडा सांगेन. सोमवारी १ तारखेला, विंडोच्या शेवटच्या दिवशी, अबू धाबीच्या ग्रुपने मँचेस्टर सिटी घेतल्याचं जाहीर झालं आणि रात्रीपर्यंत रोबिन्यो ३२.५ मिलियनला आलासुद्धा. बुधवारी वेस्ट हॅमच्या ॲलन कर्बिशलीने राजीनामा दिला, कारण अँटन फर्डिनांड आणि जॉर्ज मॅकार्टनी हे दोघे डिफेंडर त्याची संमती नसताना संडरलँडला विकले गेले. गुरुवारी न्यूकॅसलचा केव्हिन कीगन गेला. तिथे डेनिस वाइज हा फुटबॉलचा कारभार बघायला वर बसवला होता आणि इग्नासियो गोन्झालेस नावाचा उरुग्वेचा खेळाडू लोनवर घ्यायचं ठरलं, कीगनने त्याला कधी पाहिलंच नव्हतं, तर त्याला सांगण्यात आलं की यूट्यूबवर बघ. हे सगळं नंतर ट्रिब्युनलसमोर आलं. क्लबने मीडियात सांगितलं होतं की शेवटचा शब्द कीगनचा, आणि ट्रिब्युनलपुढे म्हणाले की ते फक्त लोकांना दाखवण्यापुरतं होतं! कीगन जिंकला, त्याला २ मिलियन मिळाले. कर्बिशलीही आपली केस जिंकला. न्यूकॅसल २००९ च्या मे मध्ये खालच्या डिव्हिजनला गेलं.

दोन्ही मॅनेजर कायद्याने बरोबर ठरले, पण व्यवहारात हरले, कारण तेव्हापासून क्लबांनी धडा घेतला तो उलटाच. शेवटचा शब्द मॅनेजरचा असं कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहायचंच नाही. पद मॅनेजर ऐवजी हेड कोच, आणि वर खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा स्पोर्टिंग डायरेक्टर. तिकडे सिटीत मार्क ह्यूजला डिसेंबर २००९ मध्ये काढलं तेव्हा टीम सहाव्या नंबरवर होती आणि लीगमध्ये फक्त दोन मॅच हरली होती.

ही नवी पद्धत वाईटच आहे असं मी अजिबात म्हणत नाही. जिथे नीट राबवली तिथे फळही चांगलं मिळालं. सिटीने २०१२ मध्ये पूर्वी बार्सिलोनाचा कारभार बघितलेले सोरियानो आणि बेगिरिस्ताइन आणले, चार वर्षांनी मॅनेजर म्हणून ग्वार्डिओला आला तेव्हा घर आधीच बांधून तयार होतं. लेस्टरला स्टीव्ह वॉल्श खेळाडू शोधायचा, मॅहरेझ पाच लाखांच्या आत, कांते साडेपाच मिलियनच्या आसपास, आणि २०१६ ला लीग जिंकली. त्याच उन्हाळ्यात कांते चेल्सीला गेला, वॉल्श एव्हर्टनला गेला, टीम घसरली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये काढलं कुणाला, तर मॅनेजर रानिएरीला, पूर्वी चेल्सीने काढला तोच. ब्रायटनमध्ये मालक टोनी ब्लूमची खेळाडू शोधायची यंत्रणा आहे, कोच पॉटर गेला, डी झेर्बी आला आणि गेला, हुर्झेलर आला, क्लब आहे तिथेच. कैसेडो पाचेक मिलियनला घेतलेला, चेल्सीला १०० अधिक १५ मिलियनला विकला.

मॅनेजरच्या हातात सगळं दिलं तरी कसं फसतं तेही युनायटेडमध्ये दिसलं. मॅनेजर टेन हागने आयॅक्समधला आपला जुना खेळाडू अँटनी २०२२ ला मागितला, साधारण ८० मिलियनच्या वर गेले, २०२५ मध्ये तो बेटिसला वीस-बावीस मिलियनला गेला. जुलै २०२४ मध्ये टेन हागचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, डी लिख्त, झर्कझी, उगार्ते असे त्या उन्हाळ्यात आणले आणि ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. त्याला, त्याच्या स्टाफला आणि स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थला निरोप देण्यात १४.५ मिलियन गेले. मग तीन डिफेंडर खेळवणारा अमोरिम आणला, चार डिफेंडरसाठी जमवलेल्या टीमवर, आणि तोही १४ महिन्यांत, जानेवारी २०२६ मध्ये गेला.

यामागे हिशोबाची एक साधी गोष्ट आहे. आयपीएलसारखी सगळ्यांना सारखी पर्स इथे नसते, तर क्लबने तीन वर्षांत जास्तीत जास्त १०५ मिलियनचा तोटा करायचा असा नियम २०२५-२६ पर्यंत दहाएक वर्षं चालत आला, आणि तो मोडल्यावर २०२३-२४ मध्ये एव्हर्टन आणि फॉरेस्टचे पॉइंट कापले गेले. ट्रान्सफर फी हिशोबात कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांवर वाटली जाते, ८० मिलियनचा खेळाडू पाच वर्षांवर घेतला तर वर्षाला १६, आठ वर्षांवर घेतला तर १०. चेल्सीच्या नव्या मालकांनी याचा भरपूर फायदा घेतला, एन्झो फर्नांडेसला १०६.८ मिलियन आणि साडेआठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये लीगने ही वाटणी पाच वर्षांपुरतीच धरायची असं ठरवलं. म्हणजे खेळाडू २०३१ पर्यंतचा, आणि तो आला तेव्हाचा कोच पॉटर दोन महिन्यांत बाहेर. पंचवीस खेळाडू एकदम विकता येत नाहीत, विकले तर उरलेली किंमत तोट्यात दिसते. एक कोच काढणं स्वस्त. आणि खालच्या डिव्हिजनला गेलं तर प्रीमियर लीगचा टीव्हीचा वाटा हातचा जातो, तळाच्या क्लबलासुद्धा तो वर्षाला १०० मिलियन पौंडांपेक्षा जास्त मिळतो, मग घाबरलेला मालक काय करणार?

मालकाची भीती मला समजते. समजत नाही ते हे, की खरेदी ज्यांनी केली त्यांना प्रश्न का विचारत नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यात चेल्सीने २५० मिलियनहून जास्त खर्च केले, स्पोर्टिंग डायरेक्टरचं काम मालकांपैकी टॉड बोली स्वतः बघत होता, आणि विंडो बंद झाल्यावर सहा दिवसांनी काढलं कोच टुकेलला.

फॉरेस्टने २०२५ मध्ये हेच आणखी टोकाला नेलं. मॅनेजर नुनोने टीम सातव्या नंबरवर आणून तीस वर्षांनी युरोपात नेली होती, ऑगस्टमध्ये तो उघडपणे बोलला की मालकाशी पूर्वीसारखं जमत नाही, फुटबॉलचा कारभार बघायला क्लबमध्ये नव्याने आलेल्या एडूशीही त्याचं पटत नसल्याच्या बातम्या होत्या, ९ सप्टेंबरला त्याला काढलं. लगेच पोस्टेकोग्लू आला, पण विंडो १ तारखेलाच बंद झालेली, एकही खेळाडू विकत आणणं शक्य नव्हतं, नुनोच्या बचावात्मक खेळासाठी आणि एडूच्या यादीतून जमलेल्या टीमकडून त्याला पूर्ण उलटा, हल्ल्याचा फुटबॉल खेळवायचा होता. आठ मॅच, एकही विजय नाही. १८ ऑक्टोबरला चेल्सीकडून ३-० हरल्यावर काही मिनिटांतच, नेमणुकीच्या ३९ व्या दिवशी, त्याला काढल्याचं जाहीर झालं. जानेवारीची विंडो उघडायला तेव्हा अजून अडीच महिने होते.