पोळ (अहमदाबाद)

पोळ : गुजरातच्या जुन्या शहरांतील, विशेषतः अहमदाबादच्या कोटाच्या आतील, दरवाजाबंद गल्ली व तिच्या दुतर्फा भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांची वस्ती. बडोद्यातही पोळी आहेत. मराठीत देवाला सोडलेल्या वळूला पोळ म्हणतात. त्याच्याशी या शब्दाची गल्लत करू नये.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘प्रतोली’ (प्राकृत ‘पओली’) हे आता सर्वमान्य आहे. वाद आहे तो प्रतोलीच्या मूळ अर्थाविषयी. अमरकोशाच्या पुरवर्गात ‘रथ्या प्रतोली विशिखा’ असा पाठ असून तेथे प्रतोली म्हणजे रस्ता. त्यावर विसंबणाऱ्यांच्या मते पोळ हा प्रथमपासून गल्लीवाचकच शब्द होय. याउलट कौटिलीय अर्थशास्त्रातील दुर्गरचनेच्या प्रकरणात दोन अट्टालकांच्या, म्हणजे बुरुजांच्या, मध्ये दुमजली प्रतोली बांधावी असे सांगितले आहे; ती गल्ली असणे शक्य नाही. पहिल्या कुमारगुप्ताच्या काळातील बिलसड स्तंभलेखात (गुप्त संवत् ९६, इ. स. ४१५-१६) स्वामी महासेनाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, मंदिराला बांधलेल्या प्रतोलीचा उल्लेख येतो, तोही द्वाराच्या अर्थानेच लावावा लागतो. डच संस्कृतज्ञ फोगेल यांनी १९०६ मध्ये या शब्दाचा व त्याच्या आधुनिक रूपांचा स्वतंत्र परामर्श घेतला आहे. चितोडच्या किल्ल्यावरील राम पोळ, सूरज पोळ ही नावे दरवाजांचीच आहेत, आणि गुजरातीत द्वारपालाला ‘पोळियो’ म्हणतात. हे सर्व पाहता ‘द्वार’ हा अर्थ आधीचा व ‘द्वाराआडची वस्ती’ हा नंतरचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अहमदाबादच्या कोटाच्या वेशींना दिल्ली दरवाजा, रायपूर दरवाजा अशी फार्सी वळणाची नावे रूढ झाली. जुना शब्द वस्तीपुरता उरण्यास हेही एक कारण असावे.

पोळींचा काळ निश्चित करणे कठीण आहे. शहराची स्थापना पहिल्या अहमदशाहाने १४११ मध्ये केली. माणेक चौकाजवळील मुहूर्त पोळ ही सर्वांत जुनी, असे परंपरा सांगते. तथापि दरवाजे, पहारा व पंच यांसह आज दिसणारी रचना बव्हंशी अठराव्या शतकातील अस्थिरतेत, म्हणजे मराठे व मोगल यांचा संयुक्त अंमल (सु. १७३८–५३) आणि त्यानंतरचा मराठी अंमल (१८१७ पर्यंत) या काळात, दृढ झाली असावी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये (१८७९) पाच-दहा घरांच्या पोळीपासून दहा हजार वस्तीच्या पोळीपर्यंतची नोंद आहे. मोठ्या पोळीच्या मुख्य रस्त्याला दोन्ही टोकांस दरवाजे असत. त्यातून फुटणाऱ्या पोटपोळींना, म्हणजे ‘खडकीं’ना, पुन्हा स्वतःचे दरवाजे. पोळीतील घर परक्याला विकण्याआधी पोळकऱ्यांना विचारावे लागे.

वस्ती बहुधा एका जातीची वा व्यवसायाची असे. दरवाजावर पहारेकऱ्याची खोली असे आणि रात्री दरवाजा बंद होई. आतील वाट वारंवार वळते, मध्येच बंद होते. काही ठिकाणी घरांखालून शेजारच्या पोळीत निघणारी चोरवाटही आढळते. दुतर्फा घरांच्या उंचीमुळे गल्लीत दिवसाचा बराच वेळ सावली राहते. घराची बांधणी लाकडी सांगाडा व विटांची असते. रस्त्यालगत ‘ओटलो’ (ओटा), मध्यभागी चौक आणि चौकाखाली पावसाचे पाणी साठविणारे ‘टांकुं’ असा क्रम असतो. वरच्या मजल्याचा भार घेणारे कोरीव टेकू पाहण्यासाठी मान वर करूनच चालावे लागते. पोळीच्या मोकळ्या जागेत ‘चबुतरो’ असतो. कोरीव खांबावरची ही छत्री पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी असून तिची देखभाल पोळ करते. जैनवस्तीच्या पोळींत देरासरे, म्हणजे जैन मंदिरे, आहेत, त्यांतील कित्येक बाहेरून घरासारखीच दिसतात.

लांबेश्वरनी पोळमध्ये गुजराती कवी दलपतराम (१८२०–९८) यांचे घर होते. तेथे आता त्यांचा पुतळा आहे. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंत पोळींतून नेणारी वारसा पदयात्रा १९९७ मध्ये सुरू झाली. नवख्याने पोळी पाहाव्यात त्या याच मार्गाने व सकाळी, दुकाने उघडण्यापूर्वी. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने या कोटबंद शहराचा जागतिक वारसायादीत समावेश केला. भारतातील हे पहिलेच शहर. मात्र अनेक कुटुंबे साबरमतीच्या पश्चिमेस गेली असून रिकाम्या घरांची गोदामे होत आहेत.