खाज आणि दह्यासारखं पांढरं जाणं : मलम मागण्याआधी वाचा

रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून काम, वरून ओलं लुगडं. मग मेडिकलच्या काउंटरवर मागणी येते, "खाजेचं मलम द्या." पण खाज नेमकी कुठं आहे, त्यावर औषध ठरतं. जांघेत गोल, कडा उठलेले चट्टे असतील तर ते गजकर्ण. हा कागद योनीमार्गातल्या बुरशीबद्दल आहे.

कॅन्डिडा ही बुरशी अनेक बायांच्या अंगात थोडी असतेच. त्रास होतो तो ती वाढली की. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण, वाढलेली शुगर आणि तासन्‌तास ओले कपडे ही नेहमीची कारणं. शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर साखर लघवीतून बाहेर पडते आणि बुरशीला खाद्य मिळतं. पण ती गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

ओळख अशी : पांढरं घट्ट, फुटक्या दह्यासारखं, वास जवळपास नाही. खाज जबर, बाहेरची कातडी लाल, लघवी त्या कातडीला लागली की आग. पातळ, राखाडी आणि मासळीसारखा वास असेल तर तो जिवाणूंचा प्रकार. पिवळं-हिरवं, फेसाळ असेल तर बहुधा ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारा परजीवी. त्यात नवऱ्यालाही औषध लागतं. बुरशीत नवऱ्याला त्रास नसेल तर लागत नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं, ताणलं जाणारं जात असेल आणि खाज नसेल, तर तो आजारच नाही.

पहिल्यांदाच होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. नेहमीचं औषध म्हणजे क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी : १०० मिलिग्रॅमची सहा रात्री, २०० ची तीन रात्री किंवा ५०० ची एकच रात्र. झोपताना हात साबणानं धुवा, गोळी स्वच्छ पाण्यात क्षणभर ओली करा, उताणं झोपून गुडघे वर घ्या आणि बोटानं किंवा पाकिटातल्या नळीनं सहज जाईल तितकी आत सरकवा. मग उठू नका. सकाळी कपड्याला पांढरा चुरा लागतो. ती गोळीचीच पूड असते. ही गोळी गिळायची नाही, हे मुद्दाम सांगतो. पाळी येण्याच्या बेतात असेल तर ती संपल्यावर सुरू करा, नाहीतर औषध वाहून जातं. या औषधानं निरोध कमकुवत होऊ शकतो.

दोन-तीन दिवसांत खाज उतरते, आणि नेमकी तिथंच बहुतेक जणी गोळ्या सोडतात. सहा लिहिल्या असतील तर सहाही ठेवा. फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची गिळायची एक कॅप्सूलही चालते, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. गरोदरपणात ती नको. तेव्हा डॉक्टर क्लोट्रिमॅझोल जास्त दिवस देतात. शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेत असाल तर ही कॅप्सूल घेण्याआधी सांगा, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते.

तीन-चार औषधं एकत्र असलेली खाजेची मलमं इथं लावूच नका. त्यांत बहुधा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, खाली बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते. जंतुनाशकाचं पाणी, तुरटी, लसूण, आतून साबण यांनी आग वाढते. साध्या पाण्यानं फक्त बाहेरून धुवा. वावरातून आल्यावर कपडे लगेच बदला, सुती वापरा. आतले कपडे कोपऱ्यात नाही, उन्हात वाळवा.

ओटीपोटात दुखणं, ताप, फोड, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसणं, सात दिवसांत आराम नाही किंवा वर्षात तीनदा त्रास झाला, तर मेडिकलमध्ये थांबू नका, डॉक्टरांकडे जा. वारंवार होत असेल तर शुगर तपासा. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांचा दवाखाना) तपासणी आणि औषध मोफत मिळतं.

दुकानात गर्दी असली की नाव घेऊ नका; या कागदावर लागू असलेल्या ओळीवर बोट ठेवा.