माशी नेमकी कुठे शिंकते?

तळ्याकाठी बसलं की एक सल्ला हमखास मिळतो: "बोलू नका, मासे पळतील." हवेतल्या आवाजाच्या ऊर्जेचा हजारातला जेमतेम एक भाग पाण्यात शिरतो, बाकीचा पृष्ठभागावरूनच परततो. गप्पा खुशाल मारा, फक्त काठावर पाय आपटू नका. जमिनीतून गेलेला धक्का माशाला बरोबर कळतो. आणि "किती मिळाले?" असं कुणी टोकलं की मासे लागायचे बंद होतात म्हणे. मला तर कुणी टोकलं नाही तरी लागत नाहीत.

मी गांडूळ लावत नाही, घरी बांधलेली नकली माशी वापरतो. १४ नंबरचा गळ, त्यावर तपकिरी दोरा आणि कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस असं गुंडाळायचं की त्याचे तंतू चहूबाजूंनी उभे राहावेत. पिसं चिकनवाला फुकट देतो, वर हसतोही. रविवारी सकाळी गावतळ्यावर माशीची परीक्षा. परीक्षक चिलापी (तिलापिया मासा), मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली.

पाण्यातला मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, हे आपण शाळेत शिकलो. त्याला आपण कसे दिसतो, हे कुणी विचारलंच नाही.

पाण्याचा अपवर्तनांक (पाण्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.३३३, म्हणून क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून तिरका उजेड पाण्यातून बाहेर पडतच नाही तो कोन, ४८.६ अंश. याचा अर्थ असा की वरचं सगळं जग, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, माशाला डोक्यावरच्या ९७ अंशांच्या शंकूत कोंबलेलं दिसतं. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर पृष्ठभागावर ही गोल खिडकी सुमारे ६८ सेंटिमीटर व्यासाची. मासा वर आला की खिडकी लहान होते. कोंबाकोंबी कडेला सर्वांत जास्त: क्षितिजालगतचे १० अंश तिथे जेमतेम १ अंशात बसतात. म्हणजे १० मीटरवर उभा असलेला अख्खा माणूस खिडकीच्या काठावर चपटी रेघ होऊन राहतो. जवळ जाऊन उभे राहिलात तर मात्र स्वच्छ दिसाल.

खिडकीच्या बाहेर? तिथे पूर्ण आंतरिक परावर्तन. पृष्ठभाग म्हणजे आरसा, त्यात तळाचा चिखल आणि शेवाळ. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन तिरकं खालून पाहा, वरचा थर चांदीसारखा दिसेल.

आता गंमत. माशी त्या आरशावर तरंगत असेल, तर पृष्ठभागाच्या वरचं तिचं अंग माशाला दिसायला नको. पण पिसाचे तंतू पाण्यात घुसत नाहीत, पृष्ठताणामुळे पृष्ठभागाला दाबून नुसते खळगे पाडतात. खळग्यात पाण्याची पातळी कलते, तिथे कोनाचं गणित बदलतं आणि आकाशाचा उजेड आत झिरपतो. घरच्या फिशटँकला खालून डोळा लावला तेव्हा काळपट आरशात सात-आठ लखलखीत ठिपके दिसले. माशीचा पत्ताच नव्हता! टँकच्या बुडाशी मान वाकडी करून मी पाऊण तास बसलो होतो. माशी हळूहळू सरकवत आणली तर आधी खिडकीच्या काठावर पिसाची वरची टोकं उगवली, ठिपक्यांपासून सुटी, अधांतरी. मग दोन्ही जुळून एक किडा झाला. "हुबेहूब डोळे रंगवलेल्या" महागड्या माश्या विकणाऱ्यांनी एकदा ही मान वाकडी करून पाहावी.

तळ्यावर मात्र हीच माशी दहा सेकंदांत बुडाली. पुन्हा टाकली, पुन्हा बुडाली. शेजारी धुण्याचा दगड होता, फेस माझ्याच दिशेने वाहत होता. साबणाने पृष्ठताण घटतो, पीस भिजतं आणि खळगे पडायच्या आधीच तंतू पाण्यात शिरतात.

वीस पावलं सरकलो, माशी धुऊन, फुंकरीने वाळवून टाकली. तरंगली. एक चिलापी वर आली, खालून नीट निरखलं आणि वळून गेली.