मर्मन, एथेल

मर्मन, एथेल : (१६ जानेवारी १९०८–१५ फेब्रुवारी १९८४). ब्रॉडवेवरील (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरील) अमेरिकन गायिका-अभिनेत्री. मूळ आडनाव झिमरमन. जन्म न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया (क्वीन्स) येथे. जन्मवर्षाबाबत एकवाक्यता नाही. ती स्वतः पुढे १९१२ सांगत असे. येथे चरित्रकारांनी बहुधा स्वीकारलेले १९०८ ग्राह्य धरले आहे. दिवसा लघुलेखिकेची नोकरी आणि रात्री क्लबांत गाणे, अशी तिची सुरुवात झाली. गायनाचे रीतसर शिक्षण तिने घेतले नव्हते.

संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या गर्ल क्रेझी (१९३०) या पहिल्याच संगीतिकेने तिला नाव मिळवून दिले. त्यातील ‘आय गॉट ऱ्हिदम’ गाताना तिने एकच स्वर सोळा बार (तालाचे विभाग) धरून ठेवला, असे सांगतात. हा स्वर ‘हाय सी’ (पाश्चात्त्य सप्तकातील वरचा ‘सी’) होता, या विधानाने मात्र बराच गोंधळ झाला आहे. सोप्रानो (सर्वांत उंच पट्टीच्या) गायिकांचा हाय सी तो नव्हे. तो त्याच्या एक सप्तक खालचा, म्हणजे मिडल सीच्या (पियानोच्या साधारण मध्यावरील सी) लगत वरचा सी. नवल स्वराच्या उंचीचे नसून तो छातीच्या (बोलतानाच्या भरदार) आवाजात, न फाटता, टिकवण्याचे होते. ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणाऱ्या या गायकीला ‘बेल्टिंग’ म्हणतात. संगीत नाटकातील आवाजाची फेक ठाऊक असलेल्या मराठी वाचकास या गायकीची गरज वेगळी सांगायला नको. बेल्टिंगचे जनकत्व काहीजण मर्मनला देतात. परंतु सोफी टकरसारख्या व्हॉडव्हिलच्या (विविध मनोरंजनाच्या रंगमंचीय कार्यक्रमांच्या) गायिका त्याआधीपासून तसे गात होत्या. मर्मनने ही रीत संगीतिकेत रुळवली, एवढे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

संगीतकार कोल पोर्टरच्या पाच संगीतिकांत ती होती. पैकी एनिथिंग गोज (१९३४) विशेष गाजली. संगीतकार अर्व्हिंग बर्लिनच्या ॲनी गेट युवर गनचे (१९४६) १,१४७ प्रयोग झाले. कॉल मी मॅडमसाठी (१९५०) तिला टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळाला. जिप्सीमधील (१९५९) मुलींना रंगभूमीवर रेटणारी आई रोझ ही तिची सर्वांत कसदार भूमिका. त्या वेळचा टोनी मात्र मेरी मार्टिनला मिळाला, आणि चित्रपटात रोझ रोझलिंड रसेलने साकारली. पडद्यावर मर्मन एकंदरीत उपरीच राहिली.

हॅलो, डॉली! (१९६४) या संगीत नाटकातील डॉलीची भूमिका तिने आधी नाकारली होती. १९७० मध्ये ती त्यात दाखल झाली, तेव्हा तिच्यासाठी रचून वगळलेली दोन गाणी नाटकात परत आली. त्याच वर्षी डिसेंबरात ते बंद झाले. त्या मूळ प्रयोगमालिकेतील शेवटची डॉली तीच.