खाजणाचे गाणे आणि खाडीकाठचे हरित राजकारण : पार्श्वभूमी

ठाणे खाडीच्या पूर्वेला, ऐरोलीपासून उलव्यापर्यंतच्या पट्ट्यात, स्वतः गाणी रचून गाणारा लोकगायक आता पर्यावरणाच्या लढ्यातही उतरलेला दिसतो. खारफुटीसाठी केलेल्या मानवी साखळीत तो गातो आणि विकास आराखड्यावर हरकतही नोंदवतो. अमेरिकेत १९६९ मध्ये एका लोकगायकाने हडसन नदीच्या शुद्धीसाठी शिडाची नौका पाण्यात उतरवली, पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये स्थापन झालेला हरित पक्ष तीन वर्षांत संसदेत पोहोचला, गढवालात झाडे वाचवणाऱ्या चिपको आंदोलनाच्या लोककवींनी गावे जागवली. आपल्याकडचा हा गायक त्यांच्याच मालिकेत बसवला जातो. पण तो इथे पोहोचला तो जमिनीच्या भांडणातून, आणि ते भांडण अजून मिटलेले नाही.

जुना काळ थोडक्यात. आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते. धवल्यांना कवी नसतो, ते एका पिढीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जातात. शाहीर मात्र शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. आजच्या गायकाकडे चाल पहिल्या परंपरेतून आली, नाव लावण्याची रीत दुसरीतून. चिरनेरचा १९३० चा जंगल सत्याग्रह आणि १९३३ पासून सुमारे सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप या भागाच्या आठवणीत पक्के आहेत.

खरी कलाटणी १९७० ची. नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचे ठरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात मोबदल्यासाठीच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. पुढे १९९४ मध्ये घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना लागू झाली, तिच्या मुळाशी हे रक्त आहे. त्या काळच्या गाण्यांत भाव, सातबारा, पोलीस आणि हुतात्मे होते. त्यांना मागाहून ‘हरित गाणी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे. ती गाणी जमीन राखण्याची होती. पाणी, मासा, तिवर (खारफुटीचे झाड) त्यांत आले ते त्याच जमिनीचा भाग म्हणून.

इथेच एका शब्दाचा गुंता आहे आणि तो समजल्याशिवाय आजचे काहीच समजत नाही. तो शब्द ‘पाणथळ’.

गावात हा शब्द फारसा नव्हता. गावात खाजण होते, खार होती, मिठागर होते. भरतीचे पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी, म्हणजे पाण्याचे दार, बसवायची. ओहोटीला उघाडी उघडते आणि आतले पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला ती मिटते. पावसाळ्यात आत खारे पाणी सोसणारे भात, उन्हाळ्यात जवळच्या आगरात मीठ, आणि वर्षभर कोलंबी, चिंबोरी, निवटी, जिताडा. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की अख्खा गाव टोपली-फावडी घेऊन धावायचा. एकाच जागेत शेत, मीठ आणि मासळी अशी ही व्यवस्था होती.

पाणथळींच्या रक्षणासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर करारातली पाणथळीची व्याख्या मोठी आहे. नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, गोडे किंवा खारे, ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेले सागरी पाणीसुद्धा तिच्यात येते. आपल्या देशात २०१७ मध्ये नवे नियम आले आणि त्यांनी या व्याख्येतून काही गोष्टी वगळल्या. भातशेती वगळली. मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या रचना वगळल्या. मत्स्यशेतीसाठी बांधलेल्याही वगळल्या. म्हणजे खाजणाचे तिन्ही पाय कापले गेले. पाणी तेच, चिखल तोच, पक्षीही तेच, पण माणसाच्या हाताने बांध घातला म्हणून त्या जागेचे संरक्षण वादात पडले. राज्यातल्या आणि देशातल्या अनेक निर्णयांपेक्षा या एका वगळण्याने खाडीकाठाचे अधिक नुकसान केले आहे.

गुंत्याला दुसरी गाठही आहे. जमीन संपादित झाली, बांधांची निगा थांबली, खांडी पडल्या आणि भरतीचे पाणी आत शिरले. जुन्या भातखाचरांत तिवरे उगवली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला मनाई केली, भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितले आणि २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. निकाल योग्यच होता. पण ज्या म्हातारीने तिथे भात लावले, तिला आपले शेत दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटले. आधी शहरासाठी, मग जंगलासाठी. हरित राजकारणात उतरलेल्या गायकाला गावकीत विचारला जातो तो हाच प्रश्न : तू कुणाच्या बाजूचा? ज्यांच्या गाण्यात तिवर आणि हरवलेले भात एकाच कडव्यात येतात, त्यांचेच गाणे गावात टिकते. नुसत्या निसर्गवर्णनाची गाणी शहरी सोसायट्यांच्या कार्यक्रमांपुरती राहतात.

अलीकडची वर्षे गजबजलेली आहेत. २०१५ मध्ये खाडीत रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगो) अभयारण्य झाले, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली. २०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून भूमिपुत्र हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले आणि गाण्यांचा पूर आला. ती गाणी नेत्याच्या नावाची होती. त्याच विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, १,१६० हेक्टरांचा प्रकल्प उभा राहिला, त्यावर मात्र फारच थोडे गायले गेले. नाव आणि टेकडी हे एकाच गाण्याचे विषय आहेत, हे म्हणणारे तेव्हा मोजकेच होते.

२०२० मध्ये नवी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जाब विचारायला नगरसेवक नव्हता. त्यामुळे हरकतींची सुनावणी, न्यायालय आणि रस्ता एवढ्याच जागा उरल्या, आणि रस्त्यावर गाण्याला वजन आले. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या तलावात रोहित पक्षी मरून पडले, तेव्हा भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजल्याचा मुद्दा पुढे आला. पुढच्या वर्षी तो तलाव संवर्धन राखीव करण्यास राज्य पातळीवर मंजुरी मिळाली. पाण्याची वाट मोकळी ठेवा, ही मागणी करणाऱ्यांत ज्यांच्या घरात कधीकाळी उघाडीची राखण होती, तेही होते.